सूत्र आणि जर्जर : विनोदाच्या मंचावरील निवेदकाचा मागोवा

गेल्या वर्षी जुलैतल्या एका शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा विनोदाच्या कार्यक्रमाचे निवेदन केले आणि ते वाईट केले. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण या लेखाचे मूळ त्या संध्याकाळी घडलेल्या एका गोष्टीत आहे. नाट्येतिहास हा विषय मी महाविद्यालयात २६ वर्षे शिकवला. सूत्रधार, विदूषक, सोंगाड्या यांच्यावर प्रश्नपत्रिका काढल्या, उत्तरपत्रिका तपासल्या. निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघे घरी आले आणि म्हणाले, "सर, आमच्या शोचे होस्ट व्हाल का?" मी लगेच हो म्हणालो. ज्यावर इतकी वर्षे बोललो ते एकदा करून पाहावे, एवढाच विचार होता.

पुण्यात एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली. ६० खुर्च्या, ४३ माणसे, मागे काळा पडदा, एक माइक, एक दिवा. पाच तरुण आपापला दहा मिनिटांचा 'सेट' करणार होते. होस्टने सुरुवात करायची, दोन कलाकारांच्या मधे यायचे, पुढच्याचे नाव पुकारायचे आणि शेवटी आभार मानून लोकांना घरी पाठवायचे. वर्गात ८० मुले सांभाळलेल्या माणसाला यात अवघड ते काय!

मी दोन पाने लिहून नेली होती. त्यात विदूषकाविषयी एक विनोदी टिपण होते. चार मिनिटांत खोली थंड पडली. लोक सभ्यपणे माझ्याकडे बघत होते, आणि सभ्यपणे बघणारे प्रेक्षक म्हणजे काय हे मंचावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. घाबरून मी पाने खिशात घातली आणि पहिल्या रांगेत मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेल्या एका माणसाला विचारले, "आपण काय करता?" तो म्हणाला, "सध्या काही नाही." मी म्हणालो, "मग आजचं तिकीट कोणी काढलं?"

खोली हसण्याने दणाणली. संध्याकाळचा तो माझा पहिला हशा होता. त्याच्या शेजारी बसलेली बाई हसली नाही, हे मी पाहिले होते. तरीही पुढच्या तासाभरात मी तीन वेळा त्या माणसाकडे परत गेलो, कारण तिथे हशा होता. आणखी दोघांनाही मी असेच नाव-गाव-धंदा विचारून चिमटे काढले. मला वाटले, जमले.

चौथ्या क्रमांकावर एक मुलगी होती. तिची मंचावर येण्याची पहिलीच वेळ. तिचा सगळा सेट प्रेक्षकांना विचारलेल्या प्रश्नांवर बांधलेला होता. वसतिगृहात कोण कोण राहिलंय? आज घरी खोटं सांगून कोण आलंय? एका प्रश्नालाही हात वर आला नाही. प्रश्न विचारायचा, थांबायचे, मग स्वतःच उत्तर द्यायचे, असे तिने सहा मिनिटे केले आणि चार मिनिटे शिल्लक असताना ती खाली उतरली. नंतर जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "सर, एकही हात वर आला नाही. मैत्रिणींपुढे करते तेव्हा सगळ्या बोलतात." मी म्हणालो, "अगं, पहिल्यांदा होतं असं." स्कूटर चालवत घरी जाताना लक्षात आले की तिच्या पहिल्यांदाशी याचा काही संबंध नव्हता. जो उत्तर देतो त्याची फजिती होते, हे त्या ४३ माणसांना तासभर मी शिकवले होते. त्यांनी धडा नीट घेतला होता.

मग मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो. या वेळी प्रश्न परीक्षेचे नव्हते. विनोद करणारे वेगळे असताना मधे उभा राहणारा हा माणूस कोण? त्याचे काम नेमके काय? आणि समोर बसलेल्या माणसाला लागेल असे बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असलाच तर?

पहिला प्रयोग, पहिला गोंधळ

आपल्या परंपरेत पहिल्या नाट्यप्रयोगाची जी कथा आहे ती गोंधळाची कथा आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात ती येते. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात प्रयोग सुरू झाला. विषय होता देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय. प्रेक्षकांत दैत्यही होते. आपला पराभव सगळ्यांसमोर रंगवला जातो आहे हे पाहून ते चिडले आणि विरूपाक्षाला पुढे करून विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती बांधून टाकली. सूत्रधारही आपल्या साथीदारांसह निश्चेष्ट झाला. तेव्हा इंद्राने आपला ध्वजदंड उचलला आणि विघ्नांना झोडपून जर्जर केले. त्यावरून त्या दंडालाच 'जर्जर' हे नाव पडले आणि तो रंगभूमीचा रक्षक मानला गेला.

ही कथा मी कित्येकदा वर्गात सांगितली होती आणि दरवेळी इथेच थांबलो होतो. कथा पुढेही आहे. दंडाने काम भागले नाही. विघ्ने पुन्हा त्रास देऊ लागली. विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतले, कोपऱ्याकोपऱ्यांवर देव रक्षणाला बसवले. तेव्हा देवच ब्रह्मदेवाला म्हणाले की आधी सामोपचाराने बोलून पाहा. ब्रह्मदेवाने दैत्यांना विचारले की तुम्ही नाटक का मोडता. विरूपाक्षाने तक्रार सरळ मांडली : देवांच्या इच्छेसाठी तुम्ही आमचा अपमान केलात. त्यावर ब्रह्मदेवाचे उत्तर असे की हे नाट्य केवळ तुमचे किंवा केवळ देवांचे नाही. तिन्ही लोकांत जे घडते त्याचे ते अनुकरण आहे.

म्हणजे प्रेक्षकांपैकी काहींना आपण इथे फक्त हसण्याचा विषय आहोत असे वाटले, तर प्रयोग चालत नाही, हे आपल्या नाट्यविचाराला पहिल्या पानापासून ठाऊक आहे. उपाय दोन सांगितले आहेत, दंड आणि साम. सूत्रधार मंचावर येतो तेव्हा त्याच्या दोन साथीदारांपैकी एकाच्या हाती पाण्याची झारी असते, दुसऱ्याच्या हाती जर्जर. खुद्द सूत्रधाराच्या नावात मात्र दंड नाही, सूत्र आहे. बाहुल्यांच्या दोरीपासून सुताराच्या मापाच्या दोरीपर्यंत या शब्दाचे अर्थ लावले गेले आहेत. आपला 'सुतार' हा शब्दही 'सूत्रधार'वरूनच आला. नाट्यगृहाची जमीन सूत्राने मोजायची असते, आणि मोजताना ते तुटले तर अशुभ, असे नाट्यशास्त्र बजावते.

दोघांचे काम

दुसरी गोष्ट मला पूर्वरंगाच्या वर्णनात सापडली. पूर्वरंग म्हणजे नाटक सुरू होण्याआधीचा विधी. त्यात 'त्रिगत' नावाचे एक अंग आहे. सूत्रधार, त्याचा साथीदार पारिपार्श्विक आणि विदूषक या तिघांचे ते बोलणे. विदूषक मधेच घुसतो, असंबद्ध काहीतरी बोलतो आणि त्यावर सूत्रधाराला हसू येते. त्यानंतर 'प्ररोचना' : आज काय पाहायचे आहे ते सांगून प्रेक्षकांचे मन तिकडे वळवायचे.

आजच्या होस्टच्या पहिल्या दहा मिनिटांत हेच घडते. आधी थोडी गंमत, मग मंचाकडे लक्ष, मग नाव. फरक एवढाच की तिथे ही कामे वाटलेली आहेत. गडबड करणारा वेगळा, क्रम राखणारा वेगळा. विदूषकाच्या बोलण्याला पहिल्यांदा हसतो तो सूत्रधार. इथे हसणे चालते, हे प्रेक्षकांना त्या हसण्यातून कळते.

ही वाटणी मराठी रंगभूमीच्या जन्मवेळीही दिसते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार मंगलाचरण करी आणि मग विदूषक झाडपाल्याचा वेष करून, वनचर म्हणून नाचत-उड्या मारत येई. तू कोण, कुठला, इथे कशाला आलास, असे प्रश्न सूत्रधार विचारी आणि तो वाकडी उत्तरे देई. पुढे गणपती येई, सरस्वती येई आणि आख्यान सुरू होई. सूत्रधार मात्र शेवटपर्यंत रंगभूमीवर असे आणि पदे म्हणून कथा पुढे नेई. प्रश्नोत्तरांचा हा खेळ वाचताना मी थबकलो. हेल्मेटवाल्या माणसाला मी विचारलेला प्रश्न अगदी तोच होता. फक्त तिथे ज्याला प्रश्न विचारला जाई तो विदूषक होता. फजिती करून घेण्याची विद्या त्याने मेहनतीने मिळवलेली होती. माझ्या समोरच्या माणसाने तिकीट काढले होते.

तमाशातही जोडी आहेच. गण, गौळण, बतावणी, वग या क्रमात गौळणीतला पेंद्या आणि मावशी, बतावणीतली दोघांची जुगलबंदी, वगातला सोंगाड्या, सगळीकडे एक जण सरळ विचारतो आणि दुसरा तिरके उत्तर देतो. सरळ विचारणारा नसेल तर तिरकेपणाला टेकायला जागाच राहत नाही. सोंगाड्या प्रेक्षकांशी बोलतो, पण त्याचा मुख्य नेम दोन ठिकाणी असतो : स्वतःवर, नाहीतर वगातल्या राजा, प्रधान, पाटील अशा वरच्या माणसावर. 'गाढवाचं लग्न'मध्ये दादू इंदुरीकरांनी उभा केलेला सावळ्या कुंभार आयत्या वेळच्या हजरजबाबीपणासाठी प्रसिद्ध होता, पण त्या हजरजबाबीपणाखाली एक गरीब, बायकोला भिणारा कुंभार कायम असे. १९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आले. त्यात हवालदार झालेले दादा कोंडके ताज्या घडामोडी प्रयोगात गुंफत; पण चेष्टा होई ती कारभाऱ्यांची, राज्य चालवणाऱ्यांची. समोर बसलेला गिरणी कामगार त्यात हसणारा होता. कोंडके स्वतः नायगावच्या कामगार घरातले.

हातोडी

आपल्याकडे सूत्रधार-विदूषकाची जोडी होती तेव्हा लंडनमध्ये काय चालले होते, हे पाहणे उपयोगी ठरले. आज आपण ज्याला स्टँड-अप म्हणतो त्याच्या निवेदनाची रीत बऱ्याच अंशी तिकडून आली आहे. १८५२ साली चार्ल्स मॉर्टन याने लॅम्बेथ भागात कँटरबरी हॉल सुरू केला. दारूच्या गुत्त्यांतल्या गाण्याबजावण्याचे हे मोठे रूप, म्हणजेच म्युझिक हॉल. लोक टेबलांभोवती बसून खात, पीत, गप्पा मारत आणि मंचावर एकामागून एक गायक, विनोदी नट, कसरतपटू येत. या गलबल्याला आवरायला एक 'चेअरमन' असे. तो मंचाला पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून, आपल्या टेबलाशी बसे. हातात लाकडी हातोडी. ती आपटून तो शांतता मागे, पुढच्या कलाकाराचे नाव भारदस्त शब्दांत पुकारे, समूहगीताला आवाज देई. त्याच्या टेबलाशी बसायला मिळणे हा मान समजला जाई आणि तिथे बसणारे त्याच्या पेल्याची काळजी घेत.

चेअरमनने पाठ मंचाकडे केलेली असे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याचे काम मंचावर नव्हतेच. खोलीत काय चालले आहे ते पाहणे हे त्याचे काम. विनोद करणारे मागे होते. तो पहारेकरी होता आणि यजमानही. इथेही जोडी आहे, आणि त्याच्या हातातली हातोडी म्हणजे जर्जराचीच धाकटी बहीण.

पुढे हा चेअरमन नाहीसा झाला. १८८५ साली लंडन पॅव्हिलियन नव्या रूपात उघडले आणि टेबलांच्या जागी पक्क्या बसवलेल्या खुर्च्यांच्या रांगा आल्या. प्रेक्षक मंचाकडे तोंड करून गप्प बसू लागले. मग आवरायला कोणाची गरज उरली नाही. मंचाच्या कडेला कार्यक्रमपत्रिकेतला क्रमांक दाखवला की पुढचा कलाकार कोण ते कळे. अमेरिकेतल्या वॉदेव्हिलमध्येही मंचाशेजारच्या घोडीवर नावाची पाटी बदलली की काम होई. पुढे बीबीसीने १९५३ ते १९८३ या काळात दाखवलेल्या 'द गुड ओल्ड डेज' या कार्यक्रमात लेनर्ड सॅक्स हातोडी घेऊन बसत. तोवर चेअरमन ही आठवणीत जपण्याची वस्तू झाली होती.

आपल्याकडेही थोड्याफार फरकाने हेच घडले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि सूत्रधार सुरुवातीच्या प्रवेशापुरता उरला. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आले, घराच्या भिंती मंचावर उभ्या राहिल्या आणि तेवढाही उरला नाही. प्रेक्षक अंधारात बसला की त्याच्याशी बोलणारा माणूस अनावश्यक ठरतो. तो परत येतो तेव्हा प्रेक्षकाला पुन्हा उजेडात घ्यावे लागते. १९६१ साली पु. ल. देशपांडे एकटे उभे राहून 'बटाट्याची चाळ' सांगू लागले, तेव्हा त्यांनी हे अवघड काम एका युक्तीने केले : चाळीतल्या माणसांना हसताना ते स्वतः चाळीतलेच होते. वर उभे राहून खाली बघणे त्यात नव्हते.

अपमानाची रीत

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळाले नव्हते. प्रेक्षकाला टोचून बोलणे हा आजच्या निवेदनाचा नेहमीचा भाग आहे. 'क्राऊड वर्क' असे त्याला म्हणतात आणि ते उत्तम करणारे कलाकार मी पाहिले आहेत. मग माझेच का चुकले?

१८८१ साली पॅरिसच्या मोंमार्त्र भागात रोदोल्फ सालीस याने 'शा न्वार', म्हणजे काळे मांजर, नावाचे कॅबरे उघडले. कवी, चित्रकार, गायक तिथे जमत आणि सालीस निवेदन करी. येणाऱ्या प्रत्येकाला तो महाराज, सरकार अशा थाटाच्या पदव्या बहाल करी. वाढप्यांना त्याने फ्रेंच अकादमीच्या विद्वानांसारखे झगे घातले होते. टोमणा तर होताच, पण तो बहुमानाच्या वेष्टनात होता. सालीसने जागा बदलल्यावर त्याच जुन्या जागेत १८८५ साली आरिस्तीद ब्र्युआँ याने 'ल मिर्लितों' सुरू केले. तुलूझ-लोत्रेकच्या भित्तिचित्रांतली काळी टोपी आणि लाल मफलर ती याचीच. हा मात्र वेष्टनाच्या भानगडीत पडला नाही. येणाऱ्यांना तो सरळ शिव्या घाली. लोक त्या खायला गाड्या करून येत.

त्याचे जमले, कारण तीन अटी पाळल्या जात होत्या. एक, येणाऱ्याला ठाऊक होते की आपण शिव्या खायला चाललो आहोत. दोन, शिव्या सगळ्यांना होत्या, एकट्याला वेगळा काढलेला नव्हता. आणि तीन, शिव्या खाणारे होते खाऊनपिऊन सुखी नागरिक, गरिबांची वस्ती बघायची मौज करायला आलेले. आणि शिव्या देणारा ज्यांची गाणी म्हणत होता ते होते त्याच वस्तीतले भणंग, चोर, वेश्या. टोमणा वरच्या दिशेने जात होता. माझ्या खोलीत यातली एकही अट नव्हती. नोकरी नसलेल्या माणसाला, नोकरी असलेल्या लोकांसमोर, पेन्शन घेणाऱ्या मास्तराने विचारले होते की तिकीट कोणी काढले.

दुसरा मार्ग निकिता बालियेव्हचा. मॉस्को आर्ट थिएटरच्या नटांनी १९०८ साली आपसांतल्या करमणुकीसाठी 'वटवाघूळ' नावाचे कॅबरे सुरू केले आणि गोल चेहऱ्याचा बालियेव्ह त्याचा निवेदक झाला. क्रांतीनंतर तो पॅरिसला गेला आणि १९२२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर. तिथे त्याचे इंग्रजी मोडकेतोडके. त्याने तेच पुढे केले. प्रेक्षक त्याच्या भाषेला हसत आणि त्या हसण्यात त्याचे होऊन जात. स्वतःच्या अंगावर हसे घेऊन खोली मोकळी करणारा हा निवेदक मला आपल्या विदूषकाच्या सगळ्यांत जवळचा वाटला.

दोघांचा एक

आजचा होस्ट ज्या घडणीतून आला तिच्यात ही दोन कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडली. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये फ्रँक फे हा निवेदक म्हणून गाजला. रंगवलेले नाक नाही, ढगळ विजार नाही. नीटनेटका सूट घालून तो उभा राही, कलाकारांची ओळख करून देई आणि मधल्या वेळात स्वतःच विनोद करी, मधे बोलणाऱ्याची जीभ छाटी. पाटी आणि विदूषक एक झाले. पुढच्या पिढीतल्या अनेक अमेरिकन विनोदवीरांनी त्याच्याकडून उभे राहण्याची रीत उचलली.

मे १९७९मध्ये लंडनच्या सोहो भागात, एका स्ट्रिप क्लबच्या वर, 'कॉमेडी स्टोअर' सुरू झाले. पहिला निवेदक अ‍ॅलेक्सी सेल, लिव्हरपूलच्या कम्युनिस्ट घरातला. घट्ट सूट, छोटी टोपी, आरडाओरडा आणि शिवीगाळ. मंचावर एक मोठी थाळीवजा घंटा असे. कलाकार पडू लागला, प्रेक्षक ओरडू लागले की ती वाजे आणि कलाकाराने उतरायचे. जर्जर पुन्हा मंचावर आला होता, पण त्याचे तोंड फिरले होते. इंद्राचा दंड आणि चेअरमनची हातोडी नटाच्या रक्षणासाठी होती. ही घंटा नटावरच पडत होती. त्या गर्दीतून नव्या ब्रिटिश विनोदाची एक पिढी घडली हे खरे. पण जे पहिल्याच रात्री घंटेखाली गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नोंद इतिहासात होत नाही.

त्याच कॉमेडी स्टोअरची शाखा २०१० साली मुंबईत लोअर परळला उघडली, तीही फिनिक्स मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये. लोकनाट्याला, शाहिरांना ज्या गिरणगावाने डोक्यावर घेतले त्याच जमिनीवर लंडनची ही रीत उतरली. पुढे मराठी स्टँड-अपही उभा राहिला. तो करणारी मुले पुण्या-मुंबईच्या अशाच छोट्या खोल्यांतून शिकली. त्यांच्याकडे माइक आहे, दिवा आहे, वेळ संपल्याची खूण करणारा मोबाइलचा उजेड आहे. सूत्रधार आणि विदूषक मात्र एकाच माणसाला व्हायचे आहे. विदूषकाला टाळी मिळते, सूत्रधाराला मिळत नाही. त्यामुळे नवखा होस्ट विदूषकाकडे झुकतो आणि सूत्र हातातून सुटले हे त्याला कळतही नाही. माझे असे झाले. मला मिळालेला प्रत्येक हशा मी पुढच्या कलाकाराच्या खात्यातून काढत होतो.

पुन्हा तीच खोली

ऑक्टोबरात विद्यार्थ्यांनी पुन्हा विचारले. मला आश्चर्य वाटले. त्यांना बहुधा दुसरे कोणी मिळाले नसावे. या वेळी मी काही गोष्टी ठरवून गेलो. त्या इथे लिहितो. नव्याने हे काम करणाऱ्या एखाद्याच्या उपयोगी पडतील.

पहिला विनोद स्वतःवर. मी जुलैतली फजिती सांगितली, दोन पानांसकट. माणसे सैलावली. मग प्रश्न विचारला तो सगळ्या खोलीला, आणि असा की उत्तर देणाऱ्याला काही गमवावे लागू नये : "आज इथे पोहोचताना कोणाला पार्किंग मिळालं नाही?" वीसेक हात वर आले. एक हात वर आला की त्या माणसाचे आभार मानायचे, त्याला धरायचे नाही. हात वर करणे सुरक्षित आहे एवढे कळले की पुढच्या कलाकाराचे अर्धे काम होते. ही माझी प्ररोचना.

दोन कलाकारांच्या मधे एक मिनिटाहून जास्त बोलायचे नाही. आधीच्याचे पडले असेल तर त्यावर टिप्पणी करायची नाही, फक्त खोली पुन्हा सपाट करून द्यायची. आधीच्याचे फार रंगले असेल तर टाळ्या पूर्ण होऊ द्यायच्या, नाहीतर पुढच्याला त्या हशाशी झुंजावे लागते. कलाकाराचे नाव वाक्याच्या शेवटी घ्यायचे, म्हणजे टाळी नावावर पडते. "आता येणारा फार भारी आहे" असे म्हणायचे नाही. त्याचे कर्ज त्याला फेडावे लागते. पहिल्यांदा येणाऱ्याला "हिची पहिलीच वेळ आहे, सांभाळून घ्या" असेही म्हणायचे नाही. त्याने लोक हसण्याऐवजी काळजी करू लागतात. आणि कोणी नशेत मधे मधे बोलून कलाकाराला त्रास देऊ लागला, तर तेवढ्यापुरता दंड उचलायचा. तो नटाच्या बाजूने उचलायचा असतो.

त्या रात्री मला फारसा हशा मिळाला नाही. पाचही सेट बरे झाले, दोन फार चांगले झाले. घरी जाताना कोणी माझ्याशी बोलले नाही. सूत्रधाराचे काम झाल्याची ही खूण असावी, असे मी स्वतःला समजावले. खरे सांगायचे तर थोडे वाईट वाटले.

ती मुलगी त्या कार्यक्रमाला आली होती, पण प्रेक्षक म्हणून. शेवटच्या रांगेत बसली होती. पार्किंगच्या प्रश्नाला तिने हात वर केला नाही. बसने आली असेल. कार्यक्रमानंतर मी तिच्याकडे गेलो आणि सांगितले की जुलैत तुझा सेट तुझ्यामुळे पडला नव्हता, आधीच्या तासाभरात मी प्रेक्षकांची तोंडे बंद करून ठेवली होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे तेव्हा सांगायला हवं होतं, सर. मी दोन महिने लिहिलंच नाही काही." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. हेल्मेटवाल्या माणसाला तर मी हे सांगूही शकत नाही. तो परत आला नाही.

त्यानंतर गेल्या वर्षभरात मी आणखी सहा वेळा निवेदन केले. मधे एकदा तिने विद्यार्थ्यांना फोन करून विचारले की अजून जागा आहे का. या दिवाळीनंतरच्या पहिल्या कार्यक्रमाची यादी माझ्यासमोर आहे. पाच नावे आहेत, तिचे नाव तिसरे. तिच्या नावापुढे मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : आधीच्याच्या टाळ्या पूर्ण होऊ द्याव्यात, खोलीला एक सोपा प्रश्न विचारावा, हात मोजावेत, नाव घेऊन बाजूला व्हावे.